पसरणी ते यवतेश्वर: दोन दिवसांची घाटातली शर्यत हौशी संघाने कशी काढावी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सहा जण, वयं 24 ते 47, सगळे नोकरी-धंदा सांभाळून सायकल चालवणारे. डिसेंबरात शनिवार-रविवार शर्यत आहे. शनिवारी वाई ते पाचगणी, पसरणी घाटातून एकेकट्याची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकाने सुटून घड्याळाविरुद्ध चढायचं. रविवारी वाईहून सगळे एकत्र सुटणार, पुन्हा पसरणी चढून पाचगणी, महाबळेश्वर, मग केळघर घाट उतरून मेढा, सातारा आणि शेवटी यवतेश्वरचा चढ, एकूण 90 किलोमीटरच्या आसपास. दोन्ही दिवसांच्या वेळांची बेरीज धरणार आणि सांघिक क्रमांकासाठी रोज प्रत्येक संघाच्या पहिल्या तिघांच्या वेळा मोजणार. तुमच्यातला एक मुलगा चढाला जबरदस्त आहे. त्याला पुढे कसं काढावं, बाकीच्यांनी काय करावं, खायचं काय आणि उताराची भीती कशी घालवायची, असं तुम्ही विचारलं आहे.

मी वीस वर्षं घाटात सायकल चालवतो आहे आणि त्यातली शेवटची नऊ एका हौशी संघाबरोबर गाडीत बसून जातो आहे. त्या अनुभवावरून सांगतो: पहिल्या तिघांच्या वेळा मोजणार, ही गोष्ट तुम्ही प्रश्नात सहज सांगून पुढे गेलात, पण माझं जवळजवळ सगळं उत्तर तिच्यातच आहे. तुमचा चढाला जबरदस्त असलेला मुलगा पसरणी 35 मिनिटांत काढेल असं धरू. त्याचा दिवस चांगला गेला काय किंवा वाईट गेला काय, मिनिट-दीड मिनिटाचा फरक पडेल. तुमच्या तिसऱ्या माणसाचं तसं नसतं. तो बहुधा चाळिशीचा, आठवड्यात चार दिवस पहाटे उठून सराव करणारा. त्याच्या चांगल्या आणि वाईट दिवसात शनिवारी तीन-चार मिनिटांचा आणि रविवारी दहा-बारा मिनिटांचा फरक पडू शकतो. सांघिक निकाल त्या माणसाच्या घड्याळावर ठरतो, म्हणून नियोजनही त्याच्यापासून सुरू करायला हवं.

आपल्याकडे हे सहसा होत नाही, आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ हा किताब ऐकत आपण मोठे झालो. बोरघाट पहिला चढून जाणारा कोण, हे गावोगावच्या सायकलवाल्यांना माहीत असायचं. तो मान मोठाच आहे. पण त्यामुळे संघातले सहाही जण मनातल्या मनात घाटाचा राजा होऊन सुटतात आणि पाचगणीला पोचेपर्यंत पाच जणांचे पाय संपलेले असतात.

आता शनिवार. वाई समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर आणि पाचगणी 1,300 च्या जवळ. म्हणजे 11-12 किलोमीटरमध्ये 600 मीटर चढायचे आहेत. सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास, अंगावर येणारा नाही. वाईतून निघाल्यावर पसरणी गावापर्यंत (शाहीर साबळ्यांचं हे गाव) रस्ता फारसा चढतच नाही, खरा घाट त्यानंतर. घोटाळा इथेच होतो. गार सकाळ असते, पाय ताजे असतात, मागून एक-एक मिनिटाने दुसरे सुटलेले असतात आणि रस्ता सपाटच वाटतो. माणूस पहिली पाच-सात मिनिटं आपल्या कुवतीच्या बाहेर चालवतो. त्याची किंमत लगेच कळत नाही. ती शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कळते, धोम धरणाचं पाणी खाली दिसायला लागतं तेव्हा. पाय जड होतात, कॅडन्स (पेडलचे मिनिटाला फेरे) 80 वरून 60 वर येतो, आणि तिथे गेलेला वेळ परत मिळत नाही.

हिशेब करून पाहा. 70 किलोचा माणूस आणि 9-10 किलोची सायकल, पायांची ताकद सरासरी 220 वॉट धरली तर हा घाट साधारण 45 मिनिटांत निघतो. तुम्ही सायकलचं वजन एक किलोने कमी केलंत, त्यासाठी कदाचित पन्नास-साठ हजार मोजलेत, तर वाचतो जेमतेम अर्धा मिनिट. सुरुवातीच्या दहा मिनिटांत सबुरी ठेवली तर वाचतात दोन ते तीन मिनिटं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. पॉवर मीटर (ही ताकद मोजणारं यंत्र) असेल तर तिसऱ्या माणसाला स्पष्ट आकडा द्या: पहिल्या दहा मिनिटांत सरासरीपेक्षा पाच-दहा वॉट कमीच, मधली वीस मिनिटं आकड्याला धरून, उरलेलं असेल ते शेवटच्या पाव तासात. पॉवर मीटर नसेल तर आमची जुनी कसोटी वापरा. घाट सुरू होताना एक पूर्ण वाक्य, अडखळत का होईना, बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर दम लागत असेल तर गिअर हलका करा.

गिअरवरून आठवलं. पुढच्या चकतीला 34 दात आणि मागे सगळ्यात मोठी चकती 28 ची असेल, तर ताशी 10 किलोमीटरच्या वेगाला कॅडन्स 65 पर्यंत खाली येतो. तीच मागे 34 ची असेल तर त्याच वेगाला 79 मिळतो. पसरणीत हे फारसं जाणवणार नाही, कारण तिथे वेग 15 च्या वर राहतो. पण रविवारी 85 किलोमीटर झाल्यावर यवतेश्वर आहे, आणि तिथे हा फरक गुडघ्यांना कळतो. चाळिशीपुढच्यांच्या कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आत्ताच बदलून घ्या. मागचा डिरेल्युअर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी चकती घेतो का, ते मात्र मेकॅनिककडून आधी तपासून घ्या. शर्यतीच्या आठवड्यात नवीन काहीही बसवू नका.

शनिवारी तुमच्या तगड्या मुलाने पूर्ण ताकदीने जावं, दुसऱ्या-तिसऱ्याने वर सांगितलं तसं. उरलेल्या तिघांनी घाट आरामात चढावा, म्हणजे टाइम कटच्या (आयोजकांनी ठरवलेल्या कमाल वेळेच्या) आत, पण श्वास राखून. हे त्यांना आधी, घरी असतानाच, समजावून सांगा. आपली वेळ मित्रमंडळींत सगळे बघणार, हे प्रत्येकाच्या मनात असतं, आणि ज्याला शांतपणे आधी सांगितलेलं नाही तो सुरुवातीच्या रेषेवर ते ऐकणार नाही. या तिघांचे ताजे पाय ही तुमची रविवारची शिल्लक आहे.

टाइम ट्रायल संपल्यावरचे सहा तास मी सगळ्यात महत्त्वाचे मानतो. पाचगणीत थांबल्या थांबल्या अंगावर कोरडे कपडे. पहिल्या अर्ध्या तासात खाणं, आणि मग दर तासाला आपल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं बघायचं, निदान तीन-चार तास. म्हणजे 70 किलोच्या माणसाने तासाला 70 ग्रॅम. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज येईल. आम्ही घरून दहीभाताचे डबे नेतो. दुपारी वरणभात, बटाट्याची भाजी, थोडं तूप. रात्री पुन्हा भात किंवा साधी पोळी-भाजी. साताऱ्याकडे आल्यावर झणझणीत रस्सा खायचा मोह होतो. तो रविवारी संध्याकाळी खा.

खाली वाईला सायकलवरून उतरू नका. शनिवारी दुपारी पर्यटकांच्या गाड्या, एसट्या आणि वळणावर ओव्हरटेक करणारे, असं सगळं समोरून वर येत असतं आणि तुमचं लक्ष थकलेलं असतं. सायकली गाडीवर चढवा. घरची मंडळी बरोबर आली असतील तर टेबललँड आणि स्ट्रॉबेरीचे मळे त्यांना जरूर दाखवा, पण ते काम शर्यतीत नसलेल्या कुणावर तरी सोपवा. दुपारी शर्यतीतल्या सहांनी आडवं व्हायचं. संध्याकाळी वीस मिनिटं हलक्या गिअरवर वाईच्या सपाट रस्त्यावर पाय फिरवून आणायचे, एवढंच.

त्याच संध्याकाळी सायकली तपासा. ब्रेक पॅड, चाकांचे क्विक रिलीज, टायरला घुसलेली बारीक खडी. आणखी एक वस्तू लोक हमखास विसरतात, ती म्हणजे डिरेल्युअरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. सायकल नुसती उजव्या अंगावर पडली तरी तो वाकतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, आणि वाईत किंवा साताऱ्यात तुमच्याच मॉडेलचा मिळेल याची खात्री नाही. सहा सायकलींचे सहा हँगर, नावं लिहिलेल्या पिशव्यांत घालून गाडीत ठेवा.

रविवारी पसरणी पुन्हा आहे, पण काल एकट्याने चढलेला घाट आज शंभर जणांत चढायचा आहे. पुढचे पाच-दहा जण निघून जाणार. तुमच्या मुलाने त्यांच्या मागे जावं, पण कुणाच्याही पुढे वारा खात ओढू नये. दुसरा आणि तिसरा यांनी पुढच्यांचा नाद सोडून एकत्र राहावं आणि राखून ठेवलेल्या तिघांपैकी दोघांनी त्यांच्या पुढे राहून कालच्या वेळेपेक्षा मिनिटभर सावकाश असा एकसारखा वेग धरावा. पाच टक्क्यांच्या चढावर 15-16 च्या वेगात पुढच्याच्या आडोशाचा फायदा थोडा असतो, पण असतो. त्याहून मोठा फायदा मनाचा. समोरचं चाक बघत चढणाऱ्याला वेग ठरवावा लागत नाही.

पाचगणी ते महाबळेश्वर हा 19 किलोमीटरचा पट्टा लोक मोकळा धरतात. खरं म्हणजे संघाची सगळ्यात जास्त कमाई इथे आहे. रस्ता खाली-वर होत राहतो, पठारावर आडवा वारा असतो आणि घाट चढून आलेले बरेच जण एकेकटे विखुरलेले असतात. तुमचे चार-पाच जण नीट रांग धरून, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने पुढचा बदलत निघाले तर एकट्या-दुकट्यांना सहज गाठतील. वारा डावीकडून येत असेल तर मागच्याने सरळ मागे न राहता थोडं उजवीकडे सरकून राहायचं, म्हणजे आडोसा मिळतो. मात्र रस्ता वाहतुकीला पूर्ण बंद नसेल तर आपली बाजू सोडायची नाही, आडोसा गेला तरी चालेल. रांगेचा सराव आधीच्या महिन्यात कुठल्याही मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा वेळा करा. पुढचा बाजूला होताना मागे वळून बघत नाही, वेग वाढवत नाही आणि खड्डा दिसला की हाताने दाखवतो, एवढं अंगात मुरलं पाहिजे. खाणंही इथेच. पसरणीच्या माथ्यापासून तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं आणि दर पंधरा मिनिटांनी पाण्याचे चार घोट. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळं, गुळाची चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, जे सरावात पचलं असेल तेच.

आता केळघर. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. डिसेंबरच्या सकाळी तिथे चांगलाच गारठा असतो आणि तुम्ही घामाने भिजलेले असता. तिथून 600 मीटरहून जास्त खाली उतरायचं आहे. काही वर्षांपूर्वी याच बाजूला झालेल्या एका शर्यतीत आमचा तिसरा माणूस होता एक माध्यमिक शिक्षक, 44 वर्षांचे, आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. माथ्यापर्यंत तिघं एकत्र होते. आमचे दोघं तरुण अंगात काही न चढवता उतरले. सर सावध माणूस, प्रत्येक वळणाला थोडे मागे पडत गेले. घाट संपला तेव्हा अंतर होतं पन्नास-पंचावन्न सेकंदांचं. मी मागून गाडीत होतो. पुढच्या दोघांनी फोनवर विचारलं, थांबू का? मी म्हणालो, जा. त्यांच्या पुढे दोन सायकली दिसत होत्या, त्या गाठता येतील असं मला वाटलं. मेढा ते सातारा 25 किलोमीटर सर एकटे आले, समोरच्या वाऱ्यात. साताऱ्यात ते सहा मिनिटं मागे होते. सांघिक निकालात आम्ही तीन मिनिटांनी मागे राहिलो.

यवतेश्वरला सर पोचले तेव्हा मी त्यांची सायकल धरली. जर्सीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. मागच्या खिशात चिक्कीची दोन पाकिटं होती, न फोडलेली. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या. उतारावर बोटं इतकी बधिर झाली होती की मेढ्यानंतर त्यांना पाकीट फोडता आलं नाही. दातांनी प्रयत्न केला, सायकल डगमगली, म्हणून तसंच खिशात ठेवून दिलं. ते माझ्यावर रागावले नाहीत. पण तो निर्णय माझा होता आणि चुकीचा होता.

त्याचा हिशेब मी नंतर मांडला. एकट्याने 32 च्या वेगाने 25 किलोमीटरला 47 मिनिटं लागतात. तिघांनी मिळून 36 च्या वेगाने ते 42 मिनिटांत होतात. घाटाच्या पायथ्याशी एक मिनिट थांबलं असतं तर पुढे पाच मिनिटं वाचली असती. तेव्हापासून आमच्या संघात नियम आहे: उतार संपला की दुसरा माणूस पाय हलके करतो, तिसरा आल्याशिवाय जोर लावत नाही. तुम्हीही हाच धरा. फोनवर विचारायची वेळच येऊ देऊ नका, आधी ठरवून ठेवा.

आणि दुसरा नियम, पाकिटं आदल्या रात्री सोडून खाणं कापून कागदात सैल गुंडाळायचं. बधिर हातांनीही निघालं पाहिजे.

थंडीसाठी महाबळेश्वरला तुमच्या गाडीतला माणूस पातळ विंडचीटर घेऊन उभा असू द्या, अर्थात आयोजकांनी जिथे परवानगी दिली असेल तिथेच. तेही जमत नसेल तर युरोपातले शर्यतवाले जुन्या काळापासून करत आले ते करा. माथ्यावर वर्तमानपत्राची घडी घेऊन जर्सीच्या आत छातीवर सरकवायची. वारा अडतो, घाम शोषला जातो, खाली आल्यावर खिशात ठेवून द्यायची.

उताराची भीती पूर्ण घालवू नका. थोडी असावी. भीतीने हात आखडतात, ते मात्र टाळता येतं. हात हँडलच्या खालच्या वाकात, कोपर सैल, वजन बाहेरच्या पायावर आणि तो पाय खाली, नजर वळणाच्या शेवटाकडे. जिथे बघाल तिथे सायकल जाते, म्हणून दरीच्या कठड्याकडे बघायचं नाही. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही मिळून. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबणं म्हणजे घसरणं. संपूर्ण उतारभर ब्रेक हलके धरून ठेवू नका. रिम ब्रेक असेल आणि रिम कार्बनची असेल तर ती तापून निकामी होऊ शकते. अशा उतारासाठी मी आमच्या पोरांना ॲल्युमिनियमच्या रिम लावायला सांगतो. टायरमध्ये हवा थोडी कमी: 28 मिलिमीटरचा टायर आणि 70 किलोचा माणूस असेल तर 70 पीएसआयच्या आसपास पुरते. दगडासारखा फुगवलेला टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो, पकड सोडतो.

तीस वळणं धरा. प्रत्येक वळणाला दोन सेकंद जास्त घेतले तर एक मिनिट जातं. ते पुढे सपाटीवर पाच मिनिटांच्या रूपात परत मिळवण्याची सोय वर सांगितलीच आहे. म्हणून तिसऱ्या माणसाला सांगा, तुझ्या वेगाने उतर, आम्ही खाली आहोत. हे ऐकलेला माणूस जास्त सैल हातांनी आणि बहुतेक वेळा जास्त वेगाने उतरतो, असा माझा अनुभव आहे. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा जाऊन हा उतार बघून या. पावसाळ्यानंतर सह्याद्रीतल्या घाटांचे रस्ते बदललेले असतात: कुठे कडेला खडी पसरलेली, कुठे दरडीची माती, सकाळी सावलीतल्या वळणावर दव. अवघड वळणांचे आकडे लिहून टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या दांडीवर) पट्टी चिकटवा.

मेढ्यानंतर कण्हेर धरणाच्या बाजूने साताऱ्याकडे येताना रस्ता सोपा आहे. इथे तिसऱ्याला पुढे येऊ देऊ नका. दुसरा आणि जो कुणी चौथा अजून बरोबर असेल, त्यांनी ओढायचं आणि चौथ्याने साताऱ्यात शिरेपर्यंत स्वतःला पूर्ण रिकामं करायचं. त्याची वेळ मोजली जाणार नाही, म्हणूनच त्याला ते करता येतं. सातारा गावात स्पीडब्रेकर आणि रविवारची वर्दळ असते, तिथे कुणालाही ओव्हरटेक करायचं नाही.

समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा पाचेक किलोमीटरचा चढ. तुमचा मुलगा तेव्हा पुढे त्याच्या शर्यतीत असेल, त्याची काळजी सोडा. दुसऱ्याने तिसऱ्याच्या सायकलभर पुढे राहून चढायचं, मागून श्वासाचा आवाज ऐकत. श्वास फाटायला लागला की वेग जरा खाली, सावरला की पुन्हा वर. पाण्याची भरलेली बाटली खाली सोडून द्या, दोन घोट पुरतात. शेवटच्या पाचशे मीटरला दुसऱ्याने बाजूला होऊन तिसऱ्याला आधी रेषा ओलांडू द्यावी, दोघांच्या वेळेत तसाही फरक पडत नाही.

आणि वर कुणीतरी कोरडे जॅकेट आणि चहाचा थर्मास घेऊन थांबलेलं असू द्या. चौथा, पाचवा आणि सहावा वीस-पंचवीस मिनिटांनी येतील, निकालाच्या कागदावर त्यांची नावं खाली असतील. पहिल्या तिघांनी गाडीत जाऊन बसू नये, ते येईपर्यंत रेषेवर उभं राहावं आणि त्यांच्या सायकली स्वतःच्या हाताने धराव्यात.